पहिल्या रकान्यातली रेघ

"सायकल. अहो, सायकल आहे डावीकडे. मेला चालवतोय का नाचतोय कोण जाणे! गेला एकदाचा. आता ती पांढरी गाडी दार उघडेल बघा… उघडलंच! लोकांना जरा आरशात बघायला काय होतं? आणि फुटपाथला इतकं चिकटू नका हो, माझं दार घासेल. दिवा लाल झाला."

"लाल दिवा मला दिसतो," सासरे म्हणाले.

"दिसतो ना? मग झालं तर."

मागच्या सीटवर सूनबाई मांडीवर हॉस्पिटलची फाईल घेऊन बसली होती. सासूबाईंची ही कुरकुर तिला आता पाठ झाली होती. तिचा नवरा तर म्हणायचा, आमच्या गाडीला रेडिओची गरजच नाही, एकच स्टेशन लागतं आणि ते बंद होत नाही. पण गंमत अशी, की पूर्वी असं नव्हतं. पूर्वी सासूबाई गाडीत बसल्या की पहिल्या वळणालाच डुलक्या घ्यायच्या आणि घर आलं की "आलं पण?" म्हणून उठायच्या. हे समालोचन गेल्या चारेक महिन्यांतलं. त्यांचा गुडघा दुखायला लागला, त्याचा राग त्या रस्त्यावर काढतात, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्या गुडघ्याचंच ऑपरेशन सोमवारी होतं. आज शनिवार. रक्त, छाती, सह्या, सगळं आटोपून तिघं घरी चालली होती. घराच्या फाटकातून आत वळताना गाडीचा डावा आरसा खांबाला हलकेच लागला आणि मिटला. आरसा नवा होता. वर्षातला तिसरा.

"खांबच मेला पुढे आलाय," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी गाडी जागेवर लावली. तेवढ्यात सूनबाईचा फोन थरथरला.

मेल एका अनोळखी तरुणाचा होता. कोड लिहिणाऱ्या सगळ्यांना एकदम मेल जाते त्या यादीवर नाही, फक्त तिला, आणि अगदी अदबीनं लिहिलेला. 'मॅडम, हेडमास्तरांनी माझ्या पॅचवर जे लिहिलंय तो टोमणा आहे का? माझं काय चुकलं ते कळलं तर बरं होईल.'

हेडमास्तर म्हणजे तिचे सासरे. जगात अशी शेदीडशे माणसं असतील, जी त्यांना कधी भेटलेली नाहीत पण याच नावानं ओळखतात. यंत्रांच्या पोटात, कुणाला न दिसणारं जे मूळ सॉफ्टवेअर असतं, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यातला विजेचा कोपरा गेली वीस वर्षं ते सांभाळत होते. यंत्राचा कुठला भाग केव्हा जागा करायचा आणि केव्हा झोपवायचा, एवढंच त्या कोपऱ्याचं काम. ऐकायला फुटकळ वाटतं. पण त्यात एक ओळ चुकली, तर बसमधल्या कंडक्टरचं तिकिटाचं मशीन दुपारी बाराला मान टाकतं आणि बिचारा उरलेला दिवस लोकांची बोलणी खातो.

सूनबाई या कामात आली ती मागच्या दारानं. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा घरी बसून काय करायचं, म्हणून सासऱ्यांनी टेबलावर पसरलेल्या कागदांकडे बघत राहायची. एक दिवस चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, हा कंस उघडलाय तो मिटलाच नाही." सासऱ्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं होतं. "तुला कळतं हे?" "अजिबात नाही. पण उघडलेलं मिटायला नको?" त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, ती बारा वर्षं चालली. आता एक कंपनी तिला याच कामाचा पगार द्यायची आणि कोडच्या त्या कोपऱ्यात सासऱ्यांच्या खालोखाल तिचा शब्द चालायचा.

शिकवताना ते वर्गाचं उदाहरण देत. "समज, यंत्राचा एक भाग म्हणजे वर्गातला दिवा. ज्याला उजेड हवा त्यानं हात वर करायचा. काम झालं की हात खाली. एकही हात वर नसला की दिवा बंद. सोपं आहे?"

"सोपं आहे."

"आता खोच ऐक. हात वर केलास आणि दिवा लागलाच नाही, बिघडलेला होता. तर काय करशील?"

"निघून जाईन."

"इथेच सगळे मरतात! दिवा लागला नाही तरी तुझा हात वर मोजला गेलेला असतो. तो आधी खाली कर, मग जा. नाहीतर तू गेलीस तरी हात वरच राहिला, आणि दिवा पुढे कधी दुरुस्त झाला तर जन्मभर जळत बसेल."

दुसरा धडा होता माणसांचा. "दिसलं की बोलायचं. चारचौघांत, यादीवर, सगळ्यांना वाचता येईल असं. मागे खासगीत कुजबुज नाही. आणि बोलायचं ते ओळीला, माणसाला नाही."

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिनं त्या तरुणाचा पॅच उघडला. पॅच म्हणजे जुन्या कोडमध्ये काय बदलायचं याची चिठ्ठी. प्रत्येक ओळीच्या आधी, अगदी डाव्या कडेला, एक खूण असते. ओळ नव्यानं घातली असेल तर अधिक, काढून टाकली असेल तर वजा, म्हणजे एक आडवी रेघ. तरुणानं साफसफाई केली होती आणि त्या भरात नेमकी हात खाली करायची ओळच अनावश्यक समजून काढून टाकली होती. नवशिक्याची ठरलेली चूक. हेडमास्तरांनी अशी चूक शंभरदा पकडली असेल.

आणि खाली हेडमास्तरांचं उत्तर होतं. 'ही ओळ ठेवलीस हे फार छान केलंस. बहुतेक लोक नेमके इथेच चुकतात. शाबास. मंजूर.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग उभी राहिली, पुन्हा बसली. पायाचा अंगठा टेबलाच्या दांडीवर वाजायला लागला.

ही पहिली वेळ नव्हती. गेल्या दोन महिन्यांत अशा तीन गोष्टी तिनं गुपचूप निस्तरल्या होत्या. प्रत्येक वेळी पॅच पाठवणाऱ्याला खासगीत लिहिलं होतं, 'एक बारीकशी दुरुस्ती करून पुन्हा पाठवता का?' म्हणजे मागे कुजबुज नाही या धड्याची तिनं स्वतःच पार वाट लावली होती. झाकली मूठ ठेवायची तर हात आखडणारच. आणि यादीवरची इतर मंडळीही गप्प होती. एवढ्या जाणत्या माणसाचं लिहिणं शंभरएक जणांनी वाचलं असणार, पण मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची? ज्यानं त्यानं समजूत करून घेतली की हेडमास्तरांचा काहीतरी गर्भित अर्थ असेल.

ती आधीची तिन्ही प्रकरणं पुन्हा काढून बसली. मुद्रितं तपासणाऱ्याला एक सवय असते. चुका वाचायच्या नाहीत, चुकांची जागा बघायची. सगळे दोष एकाच रकान्यात येत असतील, तर दोष लेखकाचा नसतो, खिळे जुळवणाऱ्याचा असतो.

चारही ठिकाणी ओळ काढलेली होती. चारही ठिकाणी सासऱ्यांनी ती आहे असं धरलं होतं. आणि चारही ओळी कोडमध्ये खूप आत, समासापासून चार पायऱ्या उजवीकडे सुरू होत होत्या. म्हणजे मधे बोटभर पांढरी जागा, आणि पलीकडे डाव्या कडेला ती एकटी आडवी रेघ. समासाला खेटून असलेल्या ओळींत त्यांची एकही चूक नव्हती.

बाकीचे लोक हे रंगीत पडद्यावर बघतात, काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. सासरे मात्र साध्या काळ्या अक्षरांतच वाचायचे. "रंग बालवाडीत," म्हणायचे.

मग तिला गाडी आठवली. तिसरा आरसा. पांढरी गाडी. डावीकडे सायकल आहे.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर ती एक घास खाई आणि चार वेळा मान वर करी. इतके दिवस हे आपल्याला दिसलं कसं नाही? सासऱ्यांचं पाण्याचं भांडं उजवीकडे. चष्म्याचं घर उजवीकडे. वर्तमानपत्राची घडी उजवीकडे. आधी दिवा टेबलाच्या डाव्या बाजूला असायचा, तो कधीतरी उजव्या बाजूला गेला होता. सगळं घर हळूहळू, कुणाला पत्ता न लागू देता, एका बाजूला सरकलं होतं. आणि सासूबाई दुखरा गुडघा ओढत त्यांच्या डाव्या हाताशी बसल्या होत्या. पूर्वी त्या समोर बसायच्या.

सासऱ्यांच्या ताटातला उजवा भाग स्वच्छ झाला होता. डावीकडची भाजी तशीच होती.

"झालं माझं," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांचं ताट अर्धं फिरवलं. "अहो, भाजी राहिली की."

"अरेच्चा," म्हणून ते पुन्हा जेवायला लागले.

सूनबाईनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

भांडी आवरताना तिनं विषय काढला. "आई, बाबांच्या डोळ्यांचं…"

"मार्चमध्ये दाखवलेत. नवा नंबर आलाय. डॉक्टरांच्या पाटीवरची सगळी अक्षरं वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत."

"समोरची वाचली असतील. पण कडेचं…"

"त्या डब्याचं झाकण नीट लाव. मुंग्या येतात." सासूबाईंनी नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजात त्या पुटपुटल्या, "काही गोष्टी बोलल्या की खऱ्या होतात गं."

नवऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो लिफ्ट तपासणारा. दुसऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट एक बोट खाली थांबली तरी सील ठोकून येणारा माणूस. "वय झालं अगं," तो बॅग भरत म्हणाला. सोमवारपासून दहा दिवस तो परगावी जाणार होता. "आरसे काय, माझ्याकडूनही फुटतात."

"तुझ्याकडून कधी फुटला?"

"फुटेल." त्यानं चेन ओढली, ती अडकली, त्यानं पुन्हा ओढली. "हे बघ, परवा आईचं ऑपरेशन आहे. आत्ता हा विषय नको. गाडी ही एकच गोष्ट उरलीय त्यांची स्वतःची. आणि तो कोड. दोन्ही काढून घेणार का तू?"

"परवापासून दहा दिवस ते गाडीत एकटे असतील," ती म्हणाली. "सकाळी हॉस्पिटल, संध्याकाळी हॉस्पिटल. शाळेवरून जातो तो रस्ता. डावीकडे बसून सांगणारं कुणी नसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

तो पुन्हा चेनशी झटायला लागला. आपलेच दात, आपलेच ओठ. बॅगेची चेन शेवटपर्यंत लागली नाही.

रविवारची सकाळ तिला बसू देईना. तिनं चमच्यांचा खण आवरला. आवरून झाल्यावर पुन्हा ओतला आणि पुन्हा आवरला. खिडकीशी गेली, खाली गाडी उभी होती, डावा आरसा मिटलेला. त्या तरुणाचा मेल अजून अनुत्तरित होता. हेडमास्तरांनी मंजूर म्हटलेला पॅच सोमवारी मुख्य कोडमध्ये जाणार, मग त्या तिकिटांच्या मशीनमध्ये. खासगीत दोन ओळी खरडल्या की काम झालं असतं. चौथ्यांदा. मग पाचव्यांदा. तिच्या लक्षात आलं की हे असंच चालू राहू शकतं, वर्षानुवर्षं. सासूबाई ताट फिरवतील, ती मेल फिरवेल, आणि सगळ्यांनी मिळून एका माणसाला असं जपायचं की शेवटी तो एखाद्या सायकलवाल्यावर जाऊन धडकेल.

दहा वाजता ती बसली आणि यादीवर, सगळ्यांना दिसेल असं, लिहिलं. 'हात खाली करायची ओळ या पॅचमध्ये ठेवलेली नाही, काढलेली आहे. दिवा न लागण्याच्या वाटेवर ती हवीच. आधीची मंजुरी नजरचुकीनं गेली आहे. कृपया ती ग्राह्य धरू नये.' नजरचूक हा शब्द तिनं खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला, आणि शेवटी तोच ठेवून पाठवून दिला.

भिंतीपलीकडे सासऱ्यांची खोली. तिला त्यांच्या खुर्चीचा आवाज ओळखीचा होता. साधं वाचन असलं की खुर्ची गप्प असते. आता ती कुरकुरली. थांबली. परत कुरकुरली.

इकडे बैठकीत सासूबाईंनी वेगळाच बॉम्ब टाकला. हॉस्पिटलची भरलेली पिशवी त्यांनी पलंगाखाली ढकलली आणि म्हणाल्या, "मी नाही करून घेणार ऑपरेशन."

"आई!" नवरा ओरडलाच. "उद्या नऊ वाजताची वेळ आहे!"

"असू दे. गुडघा माझा आहे."

"घाबरलीस का? अगं, आता हे दात काढण्याइतकं सोपं झालंय."

"घाबरतेय कोण? महिनाभर मी पलंगावर. मी नसले तर यांच्या शेजारी कोण बसणार?"

"बाबा काय कुक्कुलं बाळ आहेत? त्यांच्या शेजारी कशाला कुणी बसायला हवं?"

सासूबाईंनी पदराचा कोपरा बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. त्यांचं कपाळ घामानं चमकत होतं. सूनबाईला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "किल्ल्या सापडत नाहीत त्यांना."

खोलीचं दार उघडलं. सासरे लॅपटॉप दोन्ही हातांत ताटासारखा धरून बाहेर आले. येताना डावा खांदा चौकटीला लागला. ते थांबले नाहीत. लॅपटॉप त्यांनी टेबलावर ठेवला, सूनबाईसमोर.

"सूनबाई, यादीवर तू काय लिहिलंयस?"

"वाचलंत ना, बाबा."

"वाचलं. चारचौघांत लिहिलंस ते चांगलं केलंस. तसंच लिहायचं असतं." त्यांचा आवाज स्थिर होता, पण बोटं टेबलावर वाजत होती. "पण तुझं चुकलंय. ओळ आहे. मी तीनदा पाहिली. ही बघ." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर त्या ओळीवर, आणि शब्द न् शब्द मोठ्यानं वाचला. एक अक्षरही चुकलं नाही. "आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली. "बाबा, त्या ओळीच्या आधी काय आहे?"

"आधी? आधी अट आहे. दिवा लागला नाही तर, अशी."

"वरची ओळ नाही विचारत. याच ओळीच्या आधी. डावीकडे."

"मोकळी जागा."

"आणि तिच्या आधी?"

सासरे पडद्याकडे बघत राहिले. नवरा उगाच हसला. "अगं, काय परीक्षा घेतेस त्यांची सकाळी सकाळी! बाबा, चहा घेणार? मी टाकतो." तो उठला मात्र नाही. सासूबाईंनी मान हलवली, सूनबाईकडे बघून, अगदी बारीक. नको. नको ना गं.

सासऱ्यांनी मान डावीकडे वळवली. सावकाश, जिना चढणाऱ्या माणसासारखी, एकेक पायरी. आणखी थोडी. मग ती थांबली. पहिल्या रकान्यात, पांढऱ्या जागेच्या पलीकडे, ती आडवी रेघ होती. तिकडे बघताना त्यांचा चेहरा असा झाला, की घरात अचानक कुणीतरी परकं उभं असलेलं दिसावं.

"ही आत्ता आली," ते म्हणाले.

नवरा वाकून पडद्याकडे बघायला लागला.

"मघाशी नव्हती ही." त्यांनी मान सरळ केली. पुन्हा डावीकडे नेली. सरळ केली. "ओळ चुकीची दिसतेय सूनबाई. मेलमध्ये काहीतरी गडबड असेल. तू म्हणशील तसं. ओळीचंच काहीतरी…"

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि गाडीची किल्ली चाचपली. घाबरलं की ते असंच करायचे. सूनबाईनं ती किल्ली पाहिली. खिडकीतून खाली मिटलेला आरसा पाहिला. बारा वर्षं ती ओळीला बोलायला शिकली होती, माणसाला नाही, आणि आता समोर बोलण्यासारखी ओळच उरली नव्हती. ती खुर्चीतून उठली. टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, जिथून ती त्यांना नक्की दिसेल, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ओळीचं काही चुकलेलं नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."